रूम पार्टनर गप्प झाला तर

पहिल्या सेमचा निकाल लागून आठवडा झाला होता. खोलीच्या दाराशी माझी निळी बादली होती, तिच्यात दोन शर्ट आणि एक जीन भिजत घातलेली. फेस कधीच विरून गेला होता, पाण्यावर मळकट साय धरली होती, आंबूस वास सुटला होता. मी रोज ती बादली ओलांडून आत-बाहेर करायचो. वाकून कपडे पिळावेत एवढं बळ अंगात नव्हतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी बार्शीने काही न बोलता बादली उचलली, कपडे परत धुतले, गॅलरीतल्या दोरीवर टाकले आणि म्हणाला, "चल, खाली जाऊन येऊ."

बार्शी म्हणजे माझा रूम पार्टनर. आमच्या होस्टेलला गावावरून हाक मारायची पद्धत होती. तो बार्शी, मी जिंतूर, समोरच्या खोलीत चाळीसगाव आणि कणकवली. पुण्यातलं नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज, कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीत, पहिल्याच यादीत नंबर लागलेला. गावच्या स्टँडवर माझा फोटो असलेला अभिनंदनाचा फ्लेक्स झळकला होता. आणि पहिल्या सेमला पाचपैकी चार विषय राहिले: एम-वन (पहिलं गणित), ग्राफिक्स (इंजिनिअरिंग ड्रॉइंग), मेकॅनिक्स, बीईई (बेसिक इलेक्ट्रिकल). दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी क्लासच्या नोट्सवर काढलेली. वर्गात सर काय म्हणतात ते कळायला दिवाळी उजाडली आणि तोवर निम्मा अभ्यासक्रम पुढे गेला होता.

आता चाकणला नोकरी करतो. हे सगळं लिहून काढतोय ते शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्यासाठी. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सगळ्यात मोठा आहे. यातल्या कितीतरी मुलामुलींच्या शेजारी कुणीतरी राहत असणार. रेक्टर, सर, आईवडील यांना कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. सगळ्यात आधी दिसतं ते पार्टनरला, आणि नेमकं काय करायचं हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

काय बघायचं

तुझा पार्टनर रडताना दिसेल याची वाट बघू नकोस. आपल्याकडची मुलं "मला डिप्रेशन आलंय" असं म्हणत नाहीत. "कंटाळा आलाय", "डोकं जड झालंय", "झोपच पुरत नाही" असं म्हणतात. त्यामुळे खोलीकडे बघ. धुवायचे कपडे साठलेत का, मेसला जाणं बंद झालंय का, घरचा फोन वाजत राहतो आणि तो उचलत नाही का, प्रॅक्टिकलचं जर्नल कोरं पडलंय का. मी मेस सोडली ती भूक नव्हती म्हणून नाही. टेबलावर कुणाला किती पडले याचीच चर्चा असायची. पार्ले-जी आणि चहावर मी नऊ दिवस काढले.

त्याची तुलना स्वतःशी करू नकोस, त्याच्याच दोन महिन्यांपूर्वीच्या रूपाशी कर. काही मुलं मुळातच अबोल असतात, काही जन्मतः पसाऱ्यातली. रोज रात्री क्रिकेट बघायला कॉमन रूममध्ये आरडाओरडा करणारा मुलगा भिंतीकडे तोंड करून पडायला लागला, तर ते महत्त्वाचं. साधारण दोन आठवडे असं सलग चाललं तर त्याला मदत लागते असं धरून चाल. डॉक्टरही दोन आठवड्यांचाच हिशेब विचारतात.

नापास होणाऱ्याकडेच लक्ष जातं, हीसुद्धा चूक आहे. आमच्या मजल्यावर एकाचा पॉइंटर (दहापैकी सरासरी गुण) नऊच्या वर होता. रात्री तीनपर्यंत रीडिंग हॉलमध्ये, सकाळी सातला परत हजर. साडेआठवर आलो तर घरी काय सांगू, या भीतीने त्याचे हात परीक्षेआधी थरथरायचे. अशा कॉलेजात प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला आलेला असतो. साठ पहिले एका वर्गात बसवले की एकोणसाठ जणांना आयुष्यात पहिल्यांदा मागे पडायला होतं. कुणी त्यांना त्याची तयारी करून दिलेली नसते.

काही गोष्टींना मात्र दोन आठवडे थांबायचं नाही. "मी नसतो तर घरच्यांचे पैसे तरी वाचले असते" असं बोलणं, आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकणं, निरोप घेतल्यासारखे मेसेज, किंवा बरेच दिवस तळमळत असलेला मुलगा एकाएकी अगदी शांत होणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बोल.

बोलायला कसं काढायचं

खोलीत, समोरासमोर बसवून, दार लावून विचारू नकोस, ते चौकशीसारखं वाटतं. बार्शीने मला टपरीपर्यंत चालत नेलं. अंधार होता, दोघांचीही नजर रस्त्यावर. चालताना माणूस बोलतो. आणि चौघांसमोर तर अजिबात विचारू नकोस.

तो मला म्हणाला, "तू रविवारपासून मेसला आला नाहीस. रात्री तीनला उठून बघतो तर तू जागाच असतोस. काय चाललंय?" बघ, त्याने "तू डिप्रेस्ड दिसतोस" असं काही निदान सांगितलं नाही. दिसलं तेवढं सांगितलं आणि गप्प बसला. मी म्हणालो, काही नाही. तो म्हणाला, "बरं. उद्या परत येऊ." दुसऱ्या दिवशी परत नेलं. तेव्हाही मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी कटिंग हातात असताना माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं नाही म्हणून सोडून देऊ नकोस, हे त्याच्याकडून शिकण्यासारखं.

मित्रांनी प्रेमाने म्हटलेली काही वाक्यं मला तेव्हा फार लागली. "अरे, सगळ्यांनाच केट्या लागतात, विषय राहतात." "टेन्शन घेऊ नको." "तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली मुलं बघ." "योगा कर." यातलं कुठलंच वाक्य खोटं नाही, पण प्रत्येक वाक्याचा अर्थ मला एकच ऐकू यायचा: तुझं दुःख आता आवर. त्यापेक्षा "हे फार जड आहे रे" एवढंच म्हण आणि ऐकून घे. उपाय लगेच काढायचा नाही. मधेच आपली गोष्ट सुरू करायची नाही. मोबाइल खिशात.

आणि मग तो प्रश्न. बार्शीने तो सरळ विचारला: "मरावंसं वाटतं का?" खूप जणांना भीती वाटते की विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल. तसं होत नाही. मनोविकारतज्ज्ञ हे पुन्हा पुन्हा सांगतात आणि माझा अनुभवही तोच आहे. मी म्हणालो, "सकाळी जागच येऊ नये असं वाटतं." ते शब्द बाहेर पडल्यावर माझ्या छातीवरचं काहीतरी हललं. इतके दिवस मी ते एकटाच सांभाळत होतो. "असलं काही वेडंवाकडं डोक्यात नाही ना तुझ्या?" असं मात्र विचारू नकोस. त्याला "नाही" हे एकच उत्तर असतं.

"हो" म्हणाला तर

एकटं सोडू नकोस. त्या रात्री खोलीत कुणीतरी जागं हवं. त्याला घातक ठरेल असं खोलीत काही असेल तर ते तिथून हलव. "कुणाला सांगणार नाही, शपथ" असं वचन कधीच देऊ नकोस. त्याऐवजी म्हण, "मी गावभर करणार नाही, पण तुला वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्याला सांगेन." रेक्टरला उठव, रात्रीचे दोन वाजले असले तरी. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ किंवा १०८.

१४४१६ हा नंबर आत्ताच फोनमध्ये टाकून ठेव. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तो बोलायला तयार नसेल तर तू स्वतः लाव आणि "माझ्या मित्राचं असं असं झालंय, मी काय करू?" म्हणून विचार.

मुलं पोलिसांना घाबरतात, म्हणून लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याच्यावर त्यासाठी खटला भरून शिक्षा करायची नाही. अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलंच नाही. तेव्हा दवाखान्यात न्यायला कचरू नकोस.

काउन्सेलरकडे न्यायचं म्हणजे काय

"तू काउन्सेलरला भेट" असं सांगून कुणी जात नाही. बार्शीने अपॉइंटमेंट घेतली, त्याचं लेक्चर बुडवलं आणि माझ्याबरोबर आला. कुणी बघेल म्हणून मी अर्ध्या वाटेत थांबलो, तर त्याने माझ्या हातात जर्नल दिलं. सबमिशनला चाललोय असं वाटू दे. दाराबाहेरच्या बाकावर तो पाऊण तास बसून राहिला.

आत काय होतं याची मला भलतीच कल्पना होती. मॅडमनी मार्क विचारलेच नाहीत. किती वाजता झोपतोस, किती वाजता जाग येते, जेवण काय होतं, हेच आधी विचारलं. दुसऱ्या भेटीनंतर त्यांनी मला सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात पाठवलं. केसपेपर काढायचा, नंबर लावायचा, इतर ओपीडीसारखीच ओपीडी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आधीच सांगितलं की फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतील, मधेच बंद करायच्या नाहीत. दहाव्या दिवशी मी बंद करायला निघालो होतो. बार्शीने पाकीट स्वतःच्या कप्प्यात ठेवलं आणि रोज रात्री एक काढून द्यायला लागला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मला भूक लागून जाग आली. मी त्याला उठवून सांगितलं, भूक लागली म्हणून.

कॉलेजात काउन्सेलरच नसेल तर मागा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिलेत की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा, आणि होस्टेलमध्ये, वर्गांत मदतीचे नंबर ठळक लावावेत. सीआरमार्फत (वर्गप्रतिनिधीमार्फत) लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि काउन्सेलर वर्गशिक्षकांना सांगतील ही भीती असेल तर पहिल्याच भेटीत विचारायला लाव: "हे कुणाकुणाला कळणार?" उपचारांची गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र ती बाजूला ठेवावी लागते, आणि ते बरोबरच आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्रास जर रॅगिंगचा असेल, जातीवरून टोमण्यांचा असेल, वर्गात कुणी सर उभं करून बोलण्याचा असेल, तर त्याला "मन खंबीर कर" म्हणू नकोस. तिथे त्याचं मन बिघडलेलं नाही, समोरच्याचं वागणं बिघडलेलं आहे. रॅगिंगसाठी यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, तारीख-वेळ लिहून ठेवायची, मेसेज जपून ठेवायचे आणि तक्रारीला दोघांनी मिळून जायचं. आमच्या कॉलेजात नापासांची यादी नावासकट बोर्डावर लागायची. तिच्यासमोर उभं राहिलेलं मला अजून आठवतं. आज मी तिथे असतो तर प्राचार्यांना पत्र दिलं असतं.

अभ्यासाची गाठ सोडवणं

मन बरं होईपर्यंत अभ्यास थांबत नाही, हीच खरी पंचाईत. चार बॅकलॉग आणि दुसऱ्या सेमचे पाच असे नऊ पेपर माझ्यापुढे होते, आणि नऊ हा आकडा आठवला की मी झोपून जायचो. बार्शीने मागच्या प्रश्नपत्रिका झेरॉक्सवाल्याकडून आणल्या, जर्नलच्या एका पाठकोऱ्या कागदावर चार रकाने आखले आणि कुठल्या युनिटवर दरवेळी किती मार्कांचं येतं ते मोजून लिहिलं. "शंभर नको. चाळीस कुठून येतात तेवढं बघू."

सुरुवात ग्राफिक्सपासून केली, कारण त्यात पाठांतर नाही आणि बसलं की कागदावर काहीतरी उमटतं. पहिल्या दिवशी त्याने फक्त टेबलाला ड्राफ्टर लावून दिला, शीटला चारी कोपऱ्यांत सेलोटेप मारली आणि एक एक्स-वाय रेषा ओढली. "आज एवढंच. तू फक्त बॉर्डर मार." मी बॉर्डर मारली, टायटल ब्लॉक भरला. वीस मिनिटं गेली असतील. दुसऱ्या दिवशी एक पॉइंट, तिसऱ्या दिवशी एक रेषा. तो शेजारी बसून त्याचं त्याचं करायचा. मला शिकवायला बसायचा नाही. कुणीतरी बाजूला पेन्सिल चालवतंय, या आवाजानेच मी तासभर बसायला लागलो. तुझ्या पार्टनरसाठी करायचं असेल तर हेच कर. त्याचा अभ्यास करून देऊ नकोस, त्याच्या शेजारी बस.

झोपेचे तास कापून अभ्यास वाढवायला देऊ नकोस. आणि एखादा विषय सोडायचा ठरला, वर्ष गॅप घ्यायचं ठरलं, ब्रँच किंवा कोर्सच बदलायचा झाला, तर तोही रस्ताच आहे. वायडी लागलेली, म्हणजे वर्ष वाया गेलेली मुलं आज माझ्याबरोबर त्याच शॉपफ्लोअरवर काम करतात. फक्त असा निर्णय निकालाच्या आठवड्यात घ्यायचा नाही.

घरी सांगणं

माझ्या पोटात सगळ्यात मोठा गोळा याचा होता. दर रविवारी अण्णांचा फोन यायचा, "अभ्यास कसा चाललाय?" आणि मी म्हणायचो, "चाललाय." चार शब्दांचं बोलणं, पण त्याच्या आधी शनिवारपासून मला मळमळायचं.

आधी कागदावर लिहून काढायला लाव. तीन वाक्यं पुरतात: काय झालं, मी कसा आहे, पुढे काय करणार. मी लिहिलं होतं, "अण्णा, चार विषय राहिले. मला झोप लागत नव्हती, डॉक्टरांचे उपचार सुरू आहेत. विषय मेमध्ये परत देणार आहे." घरात जो माणूस शांतपणे ऐकतो त्याला आधी सांगितलं तरी चालतं, आई असो, मामा असो, मोठी बहीण असो. बोलताना तू खोलीत थांब, पण तू बोलू नकोस.

अण्णा काही बोललेच नाहीत. फोन ठेवला. ती वीस मिनिटं फार वाईट होती, म्हणून सांगतो: घरचे पहिल्यांदा जे बोलतात तो त्यांचा शेवटचा शब्द नसतो. वीस मिनिटांनी फोन आला, "रात्रीच्या गाडीने निघतो." सकाळी आले, कॉटवर बसले, खोली बघितली, गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं. मग म्हणाले, "तो फ्लेक्स मी लावला नव्हता, गावाने लावला होता. काढून टाकतो." त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की मला त्या फ्लेक्सचं ओझं होतं. दिवाळीत गेलो तर तो फ्लेक्स खळ्यावर सोयाबीनच्या गंजीवर पांघरलेला होता, पांढरी बाजू वर, चारी कोपऱ्यांना दगड.

सगळ्यांचे वडील असे नसतात, हे मला माहीत आहे. घरी मारहाण होईल, शिक्षण बंद करतील अशी भीती असेल, विशेषतः मुलींच्या बाबतीत, तर काउन्सेलर किंवा रेक्टरांना मध्ये घालूनच सांगायचं.

तुझं काय

तिसऱ्या वर्षाला असताना फर्स्ट इयरच्या एका पोराचं असंच झालं आणि मी ते एकट्याने अंगावर घेतलं. अकरा दिवस कुणालाही सांगितलं नाही. रात्री त्याच्या खोलीत, दिवसा लेक्चरला. तो बाथरूममधून यायला पाच मिनिटं उशीर झाला की माझे कान तिकडे. बाराव्या दिवशी मी मशीन डिझाइनच्या प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या झोपलो. बार्शीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू डॉक्टर नाहीस." त्याच दुपारी आम्ही रेक्टरांकडे गेलो. तो पोरगा माझ्यावर महिनाभर चिडला होता. पुढे बोलायला लागला.

तेव्हा निदान तिघं मिळून करा. एकाने मेसला न्यायचं, एकाने दवाखान्यात, एकाने घरच्यांशी बोलायचं. आणि तुलाही झोप लागेनाशी झाली तर १४४१६ तुझ्यासाठीही आहे. होस्टेलला आल्या आल्या पहिल्या आठवड्यात पार्टनरच्या घरचे दोन नंबर घेऊन ठेव आणि तुझ्या घरचे त्याला दे. वेळ आली की कुणाच्याच मोबाइलचं लॉक उघडत नाही.

शेवटचं निकालाच्या दिवसाचं. तारीख आधीच कळत असते. त्या दिवशी तो एकटा नको, आणि निकाल ग्रुपवर बघायचा नाही. आमचा दुसऱ्या सेमचा लागला तेव्हा बार्शीने सकाळपासून स्वतःचा निकाल बघितला नव्हता. साइट तासभर उघडेना. शेवटी माझा सीट नंबर त्यानेच टाकला. ग्राफिक्स सुटला, मेकॅनिक्स सुटला, बीईई काठावर सुटला. एम-वनला छत्तीस. मी स्क्रीनकडे बघत बसलो. त्याने विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हणालो, वाईट वाटतंय, पण भूक आहे. मग त्याने त्याचा नंबर टाकला, आणि जेवून आल्यावर आम्ही एम-वनच्या उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीचा फॉर्म भरला.